इनऑरगॅनिक केमिस्ट्री, कॅटॅलिसिस आणि करिअर: सांगलीतून सतत येणारे प्रश्न

मी विश्रामबागेत वाढलेली, बी.एस्सी. सांगलीत, एम.एस्सी. कोल्हापुरात, मग कॅटॅलिसिसमध्ये, म्हणजे रिॲक्शनचा वेग वाढवणाऱ्या उत्प्रेरकांच्या (कॅटॅलिस्टच्या) अभ्यासात पीएचडी, दोन वर्षं बाहेर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) आणि आता एका कंपनीच्या आर-अँड-डीत. गावाकडची पोरं, त्यांचे आईबाप, ओळखीचे सर असे सगळे फोनवर तेच तेच विचारतात, मीपण तेच तेच टाईप करून थकले, म्हणून एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवतेय. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, थोडं व्याकरण सुधारलंय एवढंच. एका उत्तरात दुसऱ्याचा नंबर दिसला तर तिकडं जाऊन वाचा.

१. ताई, कॅटॅलिस्ट रिॲक्शनमध्ये भाग घेत नाही ना? मग काम कसं करतो?

घेतो की, चांगलाच घेतो. ते 'भाग न घेता वेग वाढवणारा पदार्थ' वालं वाक्य मीपण घोकून मार्क घेतलेत, पण ते अर्धवट आहे. कॅटॅलिस्ट मधल्या पायऱ्यांमध्ये पूर्ण अडकलेला असतो, रिॲक्टंटला धरतो, बॉण्ड करतो, तोडतो आणि शेवटी सुटून मोकळा होतो, म्हणून हिशोबात दिसत नाही. पुणे-साताऱ्यामधला खंबाटकी घाट डोळ्यापुढं आणा. घाट चढून जा नाहीतर बोगद्यातून जा, वेळ बदलतो पण वेळे आणि खंडाळा ही गावं आहेत तिथंच राहतात. ॲक्टिव्हेशन एनर्जी, म्हणजे रिॲक्शन व्हायला आधी लागणारी ऊर्जा, हा तो डोंगर. फक्त खंबाटकीचा जुना बोगदा साताऱ्याकडून पुण्याकडं असा एकेरी आहे आणि कॅटॅलिस्टचा बोगदा कायम दुहेरी, पुढची रिॲक्शन फास्ट केली की उलटीपण तेवढीच फास्ट होते. त्यामुळं इक्विलिब्रियमलाच (पुढची आणि उलटी रिॲक्शन सारख्याच वेगानं चालते तेव्हा) प्रॉडक्ट कमी असेल तर कॅटॅलिस्ट बदलत बसू नका, टेम्परेचर-प्रेशर बघा.

आणि 'शेवटी जसाच्या तसा परत मिळतो' हेपण कागदावरच. खऱ्या रिॲक्टरमध्ये तो म्हातारा होतो, वर कार्बनचा थर बसतो, बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, गंधक लागला तर निकेल तर मरतोच.

२. इनऑरगॅनिक म्हणजे ते सॉल्ट ॲनालिसिस आणि पिरिऑडिक टेबल पाठ करणं ना? त्यात रिसर्च काय उरलाय?

सॉल्ट ॲनालिसिसनं, म्हणजे क्षारात काय काय आहे ते ओळखायच्या प्रॅक्टिकलनं, या विषयाची जेवढी बदनामी केली तेवढी कुणीच केली नसेल. हायड्रोजन सल्फाइडचा वास, ग्रुप दोन, ग्रुप तीन, आणि पोरांना वाटतं एवढंच आहे. खरा विषय म्हणजे धातूच्या अणूभोवती कोण बसलंय आणि त्यामुळं तो कसा वागतो. आल्फ्रेड वर्नरनं हे भोवती बसणं समजावलं, त्याला १९१३चं नोबेल मिळालं. विल्किन्सन आणि फिशर १९७३ला, सँडविच कंपाउंड्ससाठी (दोन चकत्यांमध्ये धातूचा अणू), आणि त्याच विल्किन्सनच्या नावाचा ऱ्होडियमचा कॅटॅलिस्ट तुम्हाला टीवायला असतो. गेर्हार्ड एर्टल २००७ला, धातूच्या पृष्ठभागावर गॅसचे रेणू नक्की काय करतात हे दाखवल्याबद्दल. मेटाथेसिसचं (रेणूंच्या तुकड्यांची अदलाबदल) २००५चं आणि पॅलॅडियम कपलिंगचं (पॅलॅडियम वापरून दोन रेणू जोडणं) २०१०चं नोबेल ऑरगॅनिकवाले आपलं म्हणून सांगतात, पण कॅटॅलिस्ट काढून घ्या मग बघू काय उरतं ते. असो, हे जुनं भांडण आहे.

३. आमच्या भागात याचा काय उपयोग? इथं तर ऊस, हळद आणि द्राक्षं.

ऊस म्हणालात ना, मग डिस्टिलरीत जाऊन बघा. मळीपासून अल्कोहोल केलं की साध्या डिस्टिलेशननं ते वजनानं साधारण ९५.६ टक्क्यांच्या पुढं जात नाही, पाणी आणि अल्कोहोल एकत्रच उकळायला लागतात. पेट्रोलमध्ये घालायला ९९.५च्या वर लागतं. मग ते उरलेलं पाणी काढायला उंच टाकीत पांढऱ्या-मातकट गोळ्या भरलेल्या असतात, शाबुदाण्यापेक्षा जरा मोठ्या, त्याला मॉलिक्युलर सिव्ह म्हणतात. ते पोटॅशियमवालं झिओलाइट (अतिबारीक भोकांचं खनिज) असतं, त्याच्या भोकांचं तोंड साधारण ३ अँगस्ट्रॉम, एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. पाण्याचा रेणू २.८च्या आसपास, तो आत जातो. अल्कोहोलचा ४.४, तो दारातच अडतो. मी पहिल्यांदा हे बघितलं ते बारावीनंतर एका कारखान्यात ओळखीनं आत शिरून, तिथल्या ऑपरेटर काकांनी दोन-चार गोळ्या तळहातावर दिल्या आणि म्हणाले थुंकी लाव. लावली तर चटका बसला. कोरडी गोळी पाणी इतक्या जोरात ओढते की गरम होते. माझं करिअर तिथंच ठरलं असं म्हणणार नाही पण तो चटका लक्षात आहे.

आता कुणी म्हणेल हे तर ॲडसॉर्प्शन (पृष्ठभागावर नुसतं धरून ठेवणं) झालं, कॅटॅलिसिस नाही. बरोबर आहे. पण झिओलाइटची हीच चाळणी ॲसिडवाली केली की कॅटॅलिस्ट होते. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) पॉल रत्नसामींच्या ग्रुपनं झिओलाइटवर मोठं काम केलं, त्यात अल्कोहोल आणि बेंझिनपासून सरळ इथाइलबेंझिन करायची अल्बीन नावाची प्रोसेसपण होती. म्हणजे उसापासून प्लॅस्टिकच्या कच्च्या मालापर्यंत रस्ता आहे, परवडतो का हा वेगळा प्रश्न.

युरियाची गोणी तर सगळ्यांच्याच शेतात. त्यातला अमोनिया लोखंडाच्या कॅटॅलिस्टवर होतो, थोडं पोटॅश आणि ॲल्युमिना मिसळलेलं, ४००-५०० डिग्री आणि दीडशे-दोनशे पट हवेचा दाब. हाबरनं १९०९ला प्रयोगशाळेत दाखवलं, १९१३ला जर्मनीत ओपाऊला कारखाना सुरू झाला, मधल्या काळात मिटाश नावाच्या माणसानं हजारो मिश्रणं तपासली. हजारो. हे आकडे मी मुद्दाम सांगते कारण तीन महिन्यांत कॅटॅलिस्ट सापडला नाही म्हणून रडणारी पोरं मला दर वर्षी भेटतात.

४. सांगलीतून बी.एस्सी. केलं तर पुढं मागं पडतो का? इंग्लिश पण कच्चं आहे.

सांगलीचं विलिंग्डन कॉलेज काय किंवा साताऱ्याचं वायसी सायन्स कॉलेज काय, इथून शिकून चांगल्या लॅबमध्ये गेलेली माणसं मला माहितीयत, त्यामुळं कॉलेजच्या नावाचं टेन्शन सोडा. मागं पडतो ते इन्स्ट्रुमेंटमध्ये. आमच्या वेळी एनएमआर (रेणूची रचना कळते ते मशीन) म्हणजे फळ्यावरचं चित्र होतं, मशीन मी एम.एस्सी.नंतर बघितलं. यावर उपाय म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. सायन्स ॲकॅडमींची समर फेलोशिप असते, तिला अर्ज करा, नाही मिळाली तर कोल्हापूर-पुण्यातल्या सरांना सरळ ईमेल टाका, दहातले आठ उत्तर देत नाहीत, दोघं देतात. ईमेलमध्ये त्यांचा एक पेपर वाचून त्यातला एक खरा प्रश्न विचारा, 'आय ॲम हार्डवर्किंग स्टुडंट' लिहू नका.

इंग्लिश येतं हळूहळू. माझ्या पहिल्या सेमिनारला मी 'दॅट मीन्स' एवढंच चाळीस वेळा म्हणाले, मैत्रिणीनं मोजलेलं.

५. जॅम, नेट, सेट, गेट... कशासाठी काय द्यायचं?

जॅम बी.एस्सी.नंतर, आयआयटी वगैरे ठिकाणी एम.एस्सी.ला जायला. सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरची म्हणतात पण प्रत्यक्ष तारीख कधीही सरकते. वरच्या रँकला जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळते म्हणजे पीएचडीला पैसे आपले आपण घेऊन जाता. २०२४पासून नेटच्या निकालात तीन गट असतात: जेआरएफसकट, असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी प्रवेश दोन्हीसाठी, आणि फक्त पीएचडी प्रवेशासाठी. मागच्या दोन गटांत प्रवेशाला नेटचे मार्क ७० टक्के आणि मुलाखत ३० टक्के धरतात. सेट महाराष्ट्राची, पुणे विद्यापीठ घेतं, ती राज्यात शिकवायला चालते पण तिच्यातून फेलोशिप मिळत नाही. गेट काही संस्था पीएचडीला आणि काही कंपन्या नोकरीला धरतात.

वयाची अट मात्र दर वेळी चालू नोटिफिकेशनमध्येच बघा, मित्रानं सांगितलेलं धरू नका.

६. पीएचडीत पैसे किती मिळतात? घर चालतं का?

जेआरएफला महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) झालात की ४२,०००, हे दर १ जानेवारी २०२३पासूनचे, वर घरभाडं वेगळं. एकट्याचं आरामात चालतं. पण दर महिन्याच्या एक तारखेला येतात असं समजून ईएमआय घेऊ नका. माझी फेलोशिप एकदा पाच महिने तुंबलेली आणि मग एकदम आली, त्या पाच महिन्यांत मेसवाल्या मावशींनी वहीवर जेवू घातलं.

७. गाईड कसा निवडायचा?

सगळे विचारतात विषयाला 'स्कोप' किती, गाईडबद्दल क्वचितच कुणी विचारतं, आणि खरं तर हाच पहिला प्रश्न पाहिजे. पाच वर्षं तुमचा मूड, झोप आणि तब्येत या माणसावर अवलंबून राहणारेय. यूजीसीच्या २०२२च्या नियमात पीएचडी कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, वर दोन वर्षांची मुदतवाढ, पण केमिस्ट्रीत पाच धरून चाला.

मी सांगते तसं करा. लॅबमध्ये जा, सरांना भेटा ते ठीक आहे पण नंतर पोरांबरोबर कॅन्टीनला चहाला जा. विचारा, शेवटचा मुलगा किती वर्षांत बाहेर पडला, आता कुठंय. सिलिंडर संपला की नवीन यायला किती दिवस लागतात. रविवारी कोण असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एखादा रिझल्ट रिपीट झाला नाही की सर काय म्हणतात? 'परत कर, बघू काय चुकतंय' म्हणतात की 'चांगला आकडा घे आणि पुढं चल'? दुसरं उत्तर आलं तर चहाचे पैसे देऊन निघून या. तिथं कितीही पेपर येऊ देत. का ते ९ नंबरमध्ये.

८. दिवसभर नक्की करता काय? टीव्हीत दाखवतात तसं रंगीत पाणी?

रंगीत पाणी असतं की. निकेल नायट्रेटचं पाणी कसलं सुंदर हिरवं असतं. निकेल-ॲल्युमिना कॅटॅलिस्ट करायचा तर ते हिरवं पाणी पांढऱ्या ॲल्युमिनाच्या पावडरीत थेंब थेंब घालायचं, तिची भोकं भरतील एवढंच, जास्त नाही. आई भाकरीचं पीठ मळताना पाणी कसं हाताच्या अंदाजानं घालते, तसं, एक थेंब जास्त झाला की चिखल. मग रात्रभर ११०-१२० डिग्रीला वाळवायचं, मग मफल फर्नेसमध्ये मिनिटाला दोन डिग्री अशा चालीनं ४५०पर्यंत न्यायचं म्हणजे चढायलाच साडेतीन तास, नायट्रेट फुटून तांबूस धूर निघतो म्हणून एक्झॉस्ट चालू पाहिजे. बाहेर येते राखाडी-काळी पावडर. मग हायड्रोजनमध्ये रिडक्शन (ऑक्सिजन काढून परत धातू करणं), तेव्हा कुठं कॅटॅलिस्ट तयार, आणि तो हवेत तसाच काढला तर स्वतःच पेटतो, म्हणून त्याला थोडी थोडी हवा दाखवून शांत करावं लागतं.

एकदा माझ्या आधीच्या मुलानं फर्नेसचा प्रोग्राम ८५०वर ठेवलेला आणि मी न बघता स्टार्ट दाबलं. सकाळी उघडलं तर आत मस्त आकाशी निळी पावडर. निकेल ॲल्युमिनात घुसून बसलेलं, निकेल ॲल्युमिनेट, आता त्याला नेहमीच्या तापमानाला हायड्रोजननं हलवणं जवळपास अशक्य. बघायला आलेली ज्युनियर म्हणाली, किती गोड रंग. आठवडा गेला माझा.

बाकी वेळ भांडी घासणं, जीसी (मिश्रणात काय किती आहे ते मोजणारं मशीन) मोकळं व्हायची वाट बघत रांगेत बसणं, सिलिंडरवाल्याला फोन करणं. रंगीत पाण्याचं काम सगळं मिळून दिवसातला एक तास.

९. ब्लँक आणि कंट्रोल रिॲक्शन खरंच करायच्या का? सर म्हणतात सप्लिमेंटरीत एक टेबल टाकलं की झालं.

खरंच करायच्या, आणि पेपरच्या जोडपत्रातलं (सप्लिमेंटरी) टेबल भरायला म्हणून नाही. ब्लँक म्हणजे कॅटॅलिस्ट न घालता केलेली तीच रिॲक्शन.

माझं सांगते. दुसऱ्या वर्षी मी लोखंडाचा कॅटॅलिस्ट घेऊन सुझुकी कपलिंग (बोरॉनिक ॲसिड वापरून दोन रेणू जोडायची रिॲक्शन) करत होते, ती रिॲक्शन सहसा पॅलॅडियमवर होते, पॅलॅडियम महाग, लोखंड फुकटात, त्यामुळं जमलं असतं तर नाद खुळा काम. आणि जमलं. यील्ड (हाती आलेलं प्रॉडक्ट) ८८ टक्के. परत केलं, ८५. गावाहून येताना आणलेले साताऱ्याचे कंदी पेढे हॉस्टेलवर वाटून झाले, पेपरचा मसुदा निम्मा झाला. ब्लँकपण केलेला, लोखंड न घालता, त्यात शून्य. सहा आठवड्यांनी लॅबमध्ये मॅग्नेटिक नीडलचं (मिश्रण ढवळायची टेफ्लॉन चढवलेली चुंबकाची काडी) नवीन पाकीट आलं, मी नवीन नीडल टाकली आणि यील्ड चार टक्के. मला वाटलं बोरॉनिक ॲसिड खराब झालं. नवीन मागवलं. चार टक्के. सॉल्व्हंट, बेस, ऑइलबाथ, सगळं बदलून झालं. शेवटी वैतागून जुनी नीडल टाकली, ८६.

ती जुनी नीडल भिंगाखाली धरली तर पांढऱ्या टेफ्लॉनवर बारीक ओरखडे आणि त्या ओरखड्यांत काळे ठिपके. माझ्याआधी कुणीतरी ती वर्षभर पॅलॅडियमच्या रिॲक्शनला वापरलेली. ॲक्वा रेजियात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं जहाल मिश्रण) उकळून धुतली आणि यील्ड पडलं. मग ब्लँकमध्ये शून्य का आलेलं? कारण ब्लँक मी दुसऱ्या फ्लास्कमध्ये, दुसरी नीडल टाकून केलेला. चूक माझीच, कुणाच्या नावावर टाकत नाही. माझ्या सरांनी मसुदा ड्रॉवरमध्ये ठेवला आणि एवढंच म्हणाले, बरं झालं पाकीट आत्ता आलं.

तर ब्लँक करायचा तो सगळं तेच ठेवून, तोच फ्लास्क, तीच नीडल, तोच माणूस. आणि शिवाय एकदा सगळं नवं कोरं घेऊन मेन रिॲक्शन.

१०. आमची रिॲक्शन मेटल न घालता होते. पेपरात 'मेटल-फ्री' लिहू का?

घाई करू नका. 'आपण घातलं नाही' आणि 'आत नाही' यात फरक आहे. २००३मध्ये सुझुकी रिॲक्शन धातूशिवाय होते असं छापून आलं, दोन वर्षांनी त्याच गटानं स्वतः शोधून सांगितलं की बाजारातून आणलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये ५० पीपीबी (अब्जात ५० भाग) पॅलॅडियम होतं आणि तेवढं पुरतं. २००९ला लोखंडाच्या क्लोराइडच्या बऱ्याच रिॲक्शनमागं तांब्याचे अंश असू शकतात हे बुखवाल्ड आणि बोल्म यांनी दाखवलं. एवढं सगळं माहिती असून २०२१ला एका फार मोठ्या जर्नलमध्ये परत तीच सुझुकी, नुसत्या अमाइननं होते म्हणून आली, आणि त्याच वर्षी मागं घेतली गेली, अमाइन बनवताना वापरलेलं पॅलॅडियम त्यात राहिलेलं. म्हणजे हुशार माणसंपण त्याच खड्ड्यात पडतात. आयसीपी-एमएसवर (धातूचे अगदी बारीक अंश मोजणारं मशीन) सगळी रिएजंट्स तपासा, वेगवेगळ्या कंपन्यांची घेऊन करा, आणि मुद्दाम पीपीबीत पॅलॅडियम घालून काय होतं ते बघा. नीडलचं ९ मध्ये सांगितलंय.

११. हॉट फिल्ट्रेशन टेस्ट पास झाली. म्हणजे माझा कॅटॅलिस्ट नक्की हेटरोजिनियस?

नक्की नाही. हेटरोजिनियस म्हणजे न विरघळता घन राहूनच काम करणारा. या टेस्टमध्ये गरम असतानाच कॅटॅलिस्ट गाळून काढतात आणि उरलेल्या द्रवात रिॲक्शन पुढं चालते का ते बघतात. पण धातू सॉल्व्हंटमध्ये सुटून काम करतो आणि थंड होताना परत सपोर्टवर (ज्या पावडरीवर तो बसवलेला असतो तिच्यावर) जाऊन बसतो, पॅलॅडियमची ही सवयच आहे. गाळताना मिश्रण जरा जरी निवलं तर गाळलेल्या पाण्यात काही सापडत नाही आणि तुम्ही खूश. गाळणी, फ्लास्क, सगळं रिॲक्शनच्याच तापमानाला पाहिजे आणि गाळायचं ते रिॲक्शन निम्मी झालेली असताना. संपल्यावर गाळून काय कळणार?

पारा घालायची टेस्टपण (पारा घन धातूला निकामी करतो, म्हणून रिॲक्शन थांबते का बघायचं) एकटीच्या जिवावर धरू नका. काही धातूंशी पाऱ्याचं नीट जमत नाही आणि काही विरघळलेल्या कॉम्प्लेक्सशी तो उगाच रिॲक्ट होतो. शिवाय पारा सांडला की साफ तुम्हीच करायचा.

रिसायकलिंगच्या (तोच कॅटॅलिस्ट परत परत वापरायच्या) आलेखाचंपण तेच. पाच वेळा ९८ टक्के दाखवतात, पण २४ तास चालवून दाखवतात. दोन तासांत संपणारी रिॲक्शन २४ तास चालवली तर अर्धा मेलेला कॅटॅलिस्टपण ९८च देईल. यील्ड ३०-४० असताना पाची वेळचा वेग मोजा.

१२. पेपर कुठं छापायचा? एका जर्नलनं दहा दिवसांत छापतो म्हणून ईमेल केलाय.

त्या ईमेलला डिलीट नावाचं बटण आहे. यूजीसीची केअर लिस्टपण (चांगल्या जर्नलांची यादी) २०२५ला बंद झाली, त्यामुळं आता यादी दाखवून सुटता येत नाही. साधी कसोटी: तुम्ही स्वतः त्या जर्नलमधले किती पेपर वाचलेत? थिसिस जमा करण्यापूर्वी पेपर असलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीनं २०२२च्या नियमांतून काढलीय, तुमच्या विद्यापीठाचं काय ते ऑफिसात विचारा.

१३. कॉलेजात शिकवावं की कंपनीत जावं?

कॉलेजची खरी अडचण म्हणजे कायम जागा निघतच नाहीत आणि मग तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं. माझ्या बॅचची दोघं चाळिशीला आली तरी तासांवरच आहेत, त्यातल्या एकाचा द्राक्षबाग जास्त कमावतो. असिस्टंट प्रोफेसरला जुलै २०२३पासून नेट-सेट ही किमान अट आहे, पीएचडी ऐच्छिक, तेव्हा नेट-सेट आधी उरका.

कंपनीत पैसे वेळेवर, पण तुमचं काम तुम्हाला कुणाला सांगता येत नाही. आणि प्रश्नच बदलतात. लॅबमध्ये अर्धा ग्रॅम पावडर फ्लास्कमध्ये फिरवून ९९ टक्के मिळाले तर टाळ्या, प्लांटमध्ये पहिला प्रश्न की याची गोळी होते का, गोळी दाबाखाली चुरते का, चुरा होऊन बेड (रिॲक्टरमधला गोळ्यांचा थर) तुंबला तर गॅस कुठनं जाणार. मी पहिले सहा महिने तर नुसती बाइंडर मातीशी (पावडर चिकटवून गोळी करायची माती) खेळत होते. आवडलं पण.

१४. नोकरी करत पार्टटाइम पीएचडी होते का?

होते, नियमात आहे, मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. पण कॅटॅलिसिसमध्ये अवघड आहे. फर्नेस तुमची ड्युटी संपायची वाट बघत नाही.

१५. मुलगी हुशार आहे पण पीएचडीत लग्नाचं वय निघून जाईल, आणि केमिकलचा पुढं त्रास होतो म्हणतात. काय करावं?

काकू, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, ते तिला विचारा. माझ्या आईनं हाच प्रश्न मिरजेच्या एका डॉक्टरांना विचारलेला, त्यांची स्वतःची मुलगी तेव्हा पीएचडी करत होती, तेवढ्यावर विषय संपला.

दुसऱ्याचं देते. धोका आहे, लपवत नाही. निकेलची पावडर श्वासात जाणं वाईट, ती कॅन्सरकारक धरली जाते, म्हणून मास्क आणि हूड (धूर-धूळ ओढून घेणारं कपाट). गरोदरपणात काही सॉल्व्हंट आणि धातूंपासून लांबच राहायचं असतं, ते गाईडला वेळेत सांगायचं आणि काम बदलून घ्यायचं, लाजायचं नाही. पण मी स्वतः सगळ्यात जास्त घाबरले ती पॅलॅडियम-कार्बन गाळताना. हायड्रोजन लागलेली ती काळी पावडर गाळणीवर कोरडी पडली की मिथेनॉलच्या वाफेला पेटवते, निळी ज्योत, उजेडात दिसतपण नाही. ओलं ठेवायचं, कोरडं होऊ द्यायचं नाही, आणि वापरलेला गाळणीचा कागद कचऱ्याच्या डब्यात कधीच टाकायचा नाही. लॅबमध्ये एकटीनं रात्री हे काम करू नको एवढं मात्र मुलीला सांगा.

१६. जुन्या गाडीच्या सायलेन्सरमधून प्लॅटिनम घरी काढता येतं का?

चार जणांनी विचारलंय, त्यातला एक माझा चुलतभाऊ, कुपवाडला शेड आहे त्याची. सायलेन्सरच्या नळीत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम असतं हे खरंय, म्हणूनच सायलेन्सर चोरीला जातात. पण मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या त्या सिरॅमिकच्या ठोकळ्यावर ते इतकं पातळ पसरलेलं असतं की एका गाडीत थोडेच ग्रॅम. काढायचं म्हणजे ॲक्वा रेजिया, क्लोरीन आणि नायट्रोजन ऑक्साइडचा धूर, शेडमध्ये फुप्फुसं जातील. वर विरघळलेल्या प्लॅटिनमचे जे क्षार होतात ते अंगावर पुरळ आणि दमा उठवतात, रिफायनरीतल्या कामगारांना होतो तो. आणि सायलेन्सर कुठनं आणलं हे पोलिसांनी विचारलं तर काय सांगणार? चुलतभावाला मी सांगितलंय की लायसन्सवाल्या रिसायकलरला वजनावर विक. अजून त्यानं ते ठोकळे पोत्यात भरून ठेवलेत, दिवाळीत मी गेले की परत विचारेल.